‘पॉइंट ब्रेक’ डोकं बाजूला ठेवून पाहायचा सिनेमा नाही

सिनेमाप्रेमींच्या गटांमधून एक मजकूर सारखा पुढे ढकलला जातो. त्याचा सारांश असा: ‘१९९१चा पॉइंट ब्रेक म्हणजे मस्त, पण बिनडोक करमणूक. एफबीआयचा पोरगा सर्फिंग शिकून बँक लुटणाऱ्यांना पकडतो, ही काय गोष्ट झाली? स्टंट अशक्य कोटीतले. किआनू रीव्ह्जला अभिनय येत नाही. दिग्दर्शन बाईंच्या नावावर असलं तरी करामत निर्माता जेम्स कॅमेरॉनची. आणि शेवटी पोलीसच गुन्हेगाराला सोडून देतो! डोकं बाजूला ठेवा, मजा घ्या.’

हा सिनेमा मी खूपदा पाहिलाय आणि दरवेळी डोकं जाग्यावर ठेवूनच पाहिलाय. म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देतो.

आधी गोष्टीचं पाहू. लॉस एंजेलिसमध्ये चार दरोडेखोर रेगन, निक्सन, कार्टर आणि जॉन्सन या माजी राष्ट्राध्यक्षांचे मुखवटे घालून बँका लुटतात. दीड मिनिटात आत-बाहेर; तिजोरीला हात लावत नाहीत, फक्त काउंटरवरची रोकड उचलतात. ही पार्श्वभूमी हवेतून आलेली नाही. त्या काळी लॉस एंजेलिसला जगाची बँक-दरोड्यांची राजधानी म्हणत. एफबीआयच्या तिथल्या कार्यालयाच्या हद्दीत १९९२ साली २,६४१ दरोडे पडले, म्हणजे दिवसाला सरासरी सात. फ्रीवेच्या तोंडाशी बँक, लूट झाली की दोन मिनिटांत गर्दीत गाडी गडप. अशा शहरात झटपट रोकड उचलून पळणारी टोळी दाखवणं हा बिनडोकपणा नाही, ते त्या शहराचं निरीक्षण आहे.

पण खरा आक्षेप वेषांतरावर आहे. ‘असं कुठे असतं का?’ असतं, आणि याहून भयंकर असतं. एफबीआयचा जोसेफ पिस्टोन १९७६ ते १९८१ या काळात ‘डॉनी ब्रास्को’ या खोट्या नावाने न्यूयॉर्कच्या माफियात राहिला. त्याच्यापुढे सिनेमाचा नायक, एफबीआयचा नवखा एजंट जॉनी युटा (किआनू रीव्ह्ज) याचे काही आठवडे किरकोळच. सिनेमा हे काम कसं दाखवतो ते बघा. दरोडेखोर सर्फर असावेत असा संशय असतो, म्हणून सर्फर मंडळींत शिरायला जॉनीला कुणीतरी हवं असतं. तो टायलर नावाच्या मुलीची सरकारी माहिती काढतो. तिचे आईवडील वारलेत हे कळल्यावर आपलेही आईवडील गेल्याची थाप मारतो. त्या थापेच्या बळावर ती त्याला लाटेवर उभं राहायला शिकवते आणि पुढे त्याच्या प्रेमात पडते. एका पोरक्या मुलीचं दुःख त्याने आत शिरण्यासाठी किल्लीसारखं वापरलं, आणि सिनेमा हे विसरत नाही. तिला खरं कळतं तो प्रसंग तुफान रागाचा आहे. पुढे तिला ओलीस ठेवलं जातं, तेही याच थापेचं फळ.

ब्रिटनमध्ये आंदोलकांच्या गटांत घुसवलेल्या पोलिसांनी तिथल्या स्त्रियांशी वर्षानुवर्षं संबंध ठेवले होते. नोव्हेंबर २०१५मध्ये लंडनच्या मेट्रोपोलिटन पोलिसांना अशा सात स्त्रियांची जाहीर माफी मागावी लागली. ‘पॉइंट ब्रेक’ने या फसवणुकीतला माणूस त्याच्या चोवीस वर्षं आधी पडद्यावर आणला होता.

आणखी एक प्रसंग त्या मजकूरवाल्यांच्या नजरेतून सुटलेला दिसतो. जॉनी आणि त्याचा वयस्क जोडीदार पॅपस चुकीच्या टोळीवर छापा घालतात. गोळीबार होतो, माणसं मरतात, आणि मग कळतं की त्या घरात अमली पदार्थविरोधी खात्याचा एक माणूस आधीपासूनच वेष पालटून बसला होता. त्याच्या कित्येक महिन्यांच्या कामाची माती झाली. टॉम साइझमोरने ही भूमिका केलीय. दोन-चार मिनिटांचीच, पण त्याचा संताप पाहून अंगावर काटा येतो. दोन सरकारी खात्यांना एकमेकांचा पत्ता नाही आणि किंमत मोजतो आत अडकलेला माणूस. बिनडोक सिनेमात हा प्रसंग कशाला असता?

आता स्टंट. इथे मी थोडी माघार घेतो. विमानातून उडी मारल्यावर टोळीचा म्होरक्या बोधी (पॅट्रिक स्वेझी) आणि जॉनी हवेत गप्पा मारतात. तासाला दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली येताना वाऱ्याच्या आवाजात शब्द ऐकू येणार नाहीत, आणि साधारण उडीत मोकळं पडणं मिनिटभर टिकतं, सिनेमात ते जास्तच लांबलंय. मान्य. शेवटचा किनारा ऑस्ट्रेलियाचा म्हणून दाखवलाय, तो अमेरिकेतल्या ओरेगनचा आहे, हेही मान्य. पण ‘हवेत दुसऱ्याला गाठणं अशक्य’ हे मात्र चूक. १९८७मध्ये ॲरिझोनात एका प्रशिक्षकाने हवेत बेशुद्ध झालेल्या उडीबाज मुलीमागे सूर मारून तिला गाठलं आणि तिचं पॅराशूट उघडलं. ती वाचली.

त्यातही मुद्दा शक्य-अशक्यचा नाहीच. पॅराशूटशिवाय उडी मारलेला जॉनी बोधीला गाठतो तेव्हा त्याच्या हातात पिस्तूल असतं. बोधी दोरी ओढायला नकार देतो. जमीन जवळ येत असते. दोरी ओढायची तर पिस्तूल टाकावं लागणार, पिस्तूल धरून ठेवायचं तर दोघं मरणार. पोलीस म्हणून तो जे हातात धरून आला, ते त्याला सोडावं लागतं. अख्खा सिनेमा त्या एका मुठीत आहे.

२०१५ची नवी आवृत्ती याच्याशेजारी ठेवा. त्यात स्वित्झर्लंडच्या वालेनश्टाटजवळच्या कड्यांमधून विंगसूट (पंखांसारखा पोशाख) घातलेल्यांनी खरोखर केलेली उड्डाणं आहेत. धाडसाच्या मापाने ती मूळ सिनेमाच्या कितीतरी पुढे आहेत आणि त्या माणसांबद्दल मला नितांत आदर आहे. तरी तो सिनेमा मनात राहत नाही. त्यात नायिका टोळीतलीच निघते, म्हणजे फसवणुकीचं ओझं नायकाच्या डोक्यावरून आपोआप उतरतं. मग कडा कितीही उंच असो, पडायला काही उरत नाही. नुसत्या स्टंटवर सिनेमा उभा राहत असता तर आज लोक २०१५च्या सिनेमाबद्दल बोलत असते.

जुन्या सिनेमात शरीरं खरी वाटतात, कारण बरीचशी खरी आहेत. कलाकारांनी सर्फिंगचं रीतसर प्रशिक्षण घेतलं, पॅट्रिक स्वेझीने स्वतः विमानातून उड्या मारल्या. राक्षसी लाटांवर अर्थातच हवाईचे मुरलेले सर्फर आहेत. आणि तो गल्लीबोळांतला पाठलाग! कॅमेरा हातात धरून पळणारा माणूस कुंपणांवरून, लोकांच्या स्वयंपाकघरांतून, दारांच्या काचांमधून मुखवटा घातलेला बोधी आणि त्याला धरू पाहणारा जॉनी, अशा दोघांच्या मागे लागतो. शेवटी जॉनी सिमेंटच्या नाल्यात उडी टाकतो आणि कॉलेजात फुटबॉल खेळताना मोडलेला गुडघा पुन्हा दगा देतो. मुखवट्याच्या भोकांतून दोन डोळे मागे वळून बघतात. नेम धरलेला आहे, अंतर फार नाही, आणि जॉनीला चाप ओढवत नाही. तो आभाळाकडे तोंड करून ओरडत सगळ्या गोळ्या हवेत झाडतो. हा क्षण इतका गाजला की पुढे विनोदी सिनेमांनी त्याची नक्कल केली. नक्कल पाहून मूळ प्रसंगाला हसणाऱ्यांनी तो पुन्हा एकदा, मागचा संदर्भ धरून पाहावा.

इथेच किआनूच्या अभिनयाचंही उत्तर आहे. त्याचा चेहरा कोरा वाटतो, खरं आहे. पण जॉनी कोण आहे? गुडघा गेल्यावर दुसरं काही उरलं नाही म्हणून नोकरीत शिरलेला, आपण नेमके कोण हे न कळलेला पंचविशीतला पोरगा. अशा कोऱ्या पाटीवर बोधी हवं ते लिहू शकतो. ‘मी एफबीआयचा एजंट आहे!’ असं तो बोधीवर ओरडतो त्या वाक्याची टिंगल होते. मला ते वाक्य केविलवाणं वाटतं, कारण तोवर ते खरं राहिलेलं नाही आणि हे त्यालाही ठाऊक आहे.

कॅमेरॉनबद्दल फार लिहायची गरज नाही. तो कार्यकारी निर्माता होता आणि त्या वेळी दिग्दर्शिका कॅथरिन बिगेलोचा नवरा. पण आदल्याच वर्षी, १९९०मध्ये तिने ‘ब्लू स्टील’ हा पोलीस झालेल्या बाईचा सिनेमा केला होता. वर्दी आणि हिंसेचं आकर्षण हा तिचाच विषय आहे. २०१०मध्ये ‘द हर्ट लॉकर’साठी दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली, आणि त्या वर्षी तिच्याविरुद्धच्या नामांकनांत कॅमेरॉनही होता. ‘बाईंनी नाव दिलं, काम पुरुषाने केलं’ हे आपण नाटकापासून शेतीपर्यंत ऐकत आलोय. पुरावा न देता ते पुन्हा म्हणू नये.

राहिला शेवट. गुन्हेगाराचं उदात्तीकरण, म्हणे. बोधी हे नाव ‘बोधिसत्त्व’चं लघुरूप, असं सिनेमातच सांगितलंय. हा शब्द आपल्याला परका नाही. बोधिसत्त्व इतरांच्या मुक्तीसाठी झटतो. हा बोधी काय करतो? त्याच्या मागे गेलेला ग्रॉमेट बँकेत मरतो, नॅथॅनियल विमानतळावर, आणि रोच रक्त वाहून. पॅपसही जातो. मुक्तीच्या गप्पा मारणाऱ्याच्या भोवती प्रेतं पडत जातात आणि बिगेलो त्यातलं एकही झाकत नाही. बोधीची भुरळ तुम्हाला पडावी हे तिला हवंच आहे. ती पडल्याशिवाय जॉनीची चूक कळणार कशी?

महिने उलटतात. पन्नास वर्षांतून एकदा येणाऱ्या वादळात, पावसाने झोडपलेल्या किनाऱ्यावर जॉनी बोधीला गाठतो, झटापटीत एक बेडी त्याच्या मनगटात आणि दुसरी स्वतःच्या हातात अडकवतो. बोधी एका लाटेची भीक मागतो. जॉनी किल्ली काढतो. मागून आलेले पोलीस चिडतात, परत येईल तेव्हा धरू म्हणतात. ‘तो परत येणार नाही,’ जॉनी सांगतो. फळीवर वल्हवत बोधी त्या पाण्याच्या भिंतीकडे निघालेला असतो. जॉनी खिशातला बिल्ला काढून समुद्रात फेकतो आणि पाठ फिरवून चालू लागतो.