ऑर्केस्ट्राला चला, खरं तसल्या नव्हे

परवा संध्याकाळी कट्ट्यावर सहज बोलून गेलो, "पुढच्या महिन्यात पणजीला ऑर्केस्ट्राला चाललोय." शेजारचे तबलावाले काका लगेच म्हणाले, "ह्या वयात? रफीवाला का किशोरवाला?"

त्यांचं काही चुकलं नाही. बेळगावात ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीत मंडळानं आणलेला. ऑक्टोपॅड, दोन कीबोर्ड, एक गायक, एक गायिका, मध्ये मिमिक्रीवाला आणि रात्री दहाला पोलिसांची जीप. मी ज्याला चाललोय तिथं माईक नाही, निवेदन नाही. पन्नाससाठ माणसं व्हायोलिनं, चेलो, बासऱ्या आणि पितळी वाद्यं घेऊन बसणार, बाहेरून एक पाहुणा पियानोवादक येणार आणि सगळे मिळून बीथोव्हेन ह्या जर्मन संगीतकाराचा चौथा पियानो कन्चेर्तो वाजवणार. कन्चेर्तो म्हणजे एका बाजूला एकटा वादक आणि दुसऱ्या बाजूला सगळा ताफा, एवढं धरून चला. ह्याचे तीन भाग आहेत.

काका म्हणाले, "ते ठीक आहे. खरं आपल्याला काय कळतंय वो त्यातलं?"

त्या वाक्यासाठी ही पोस्ट. हे वाक्य दुसऱ्या कुठल्या गावानं म्हटलं तर मी गप्प बसेन. बेळगावनं म्हणू नये. आपण पेटीचं, म्हणजे हार्मोनियमचं गाव आहोत. इथले पेटीवादक रामभाऊ विजापुरे २०१० साली गेले, तरी संध्याकाळी शहरातल्या कुठल्याही जुन्या गल्लीतून चालत जा, एखाद्या माडीवरून भूपाचा नाहीतर यमनाचा पलटा ऐकू येतोच. ही पेटी काय कित्तूरच्या किल्ल्यात सापडली होती? ती पॅरिसची. १८४२ साली तिथल्या देबँ नावाच्या माणसानं तिचं पेटंट घेतलं. आपल्याकडं येऊन ती जमिनीवर बसली, पायाचा भाता हाताला आला आणि ती आपली झाली.

सहजासहजी झाली नाही हं. श्रुती, म्हणजे दोन सुरांमधल्या बारीक जागा, लागत नाहीत, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही, म्हणून १९४० साली आकाशवाणीनं तिला दाराबाहेर काढलं. बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. गंमत म्हणजे तिच्या विरोधकांत टागोर होते, तसे दिल्ली रेडिओवर पाश्चात्त्य संगीत बघणारे जॉन फाउल्ड्स हे इंग्रज साहेबही होते. साहेबानं सांगितलं की पेटी तुमच्या संगीताला चालणार नाही, आणि बेळगावनं तीच पेटी मांडीशी घेऊन तिच्यावर ख्याल वाजवून दाखवला. त्या गावानं पियानोपुढं 'आपल्याला काय कळतंय' म्हणायचं?

पेटी आणि पियानो भावंडंच. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या त्याच, सूर ठरलेले, दोघांनाही मींड नाही. फरक एकच, आणि तो मोठा आहे. पेटीचा सूर भाता हलतोय तोवर जगतो. पियानोचा सूर जन्मल्या क्षणापासून विझायला लागतो. आत हातोडी तारेवर पडते, मागं येते, संपलं. मग वादकाच्या हातात काय राहतं? बोटाचा भार आणि पुढचा सूर कधी टाकायचा ती वेळ. विझणाऱ्या सुरांतून अखंड ओळ ऐकू आणायची, हीच त्या वादनाची सगळी करामत.

माझी पियानोशी पहिली ओळख कॅम्पातल्या शाळेत झाली. प्रार्थनेच्या हॉलमध्ये कोपऱ्यात एक उभा पियानो होता, पट्ट्या म्हाताऱ्याच्या दातांसारख्या पिवळ्या. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. आषाढात दप्तराला बुरशी यायची, तिथं लाकडाचं काय? म्हणून सिस्टर पियानोच्या पोटात चाळीसचा बल्ब रात्रंदिवस जळता ठेवायच्या. खालच्या फळीच्या फटीतून तो पिवळा उजेड जमिनीवर एका रेघेत पडायचा. आम्हाला वाटायचं आत देव आहे. एका पावसाळ्यात चार दिवस लाईट नव्हती. पाचव्या दिवशी सिस्टरनी प्रार्थना सुरू केली आणि मधली एक पट्टी दाबली ती वर आलीच नाही. सगळा वर्ग हसला. सिस्टरनी नखानं ती पट्टी उचलली, पुन्हा वाजवली, पुन्हा उचलली, आणि अख्खी प्रार्थना तशीच पार पाडली.

म्हणूनच बेळगावात असे कार्यक्रम होत नाहीत यावर मी फार चिडत नाही. मोठ्या मैफिलीचा पियानो पावणेतीन मीटर लांब, वजन पाचशे किलोच्या घरात, आत तारांचा एकूण ताण वीस टनांच्या आसपास. तो लॉरीत घालून आणायचा, उतरवायचा, पुन्हा सुरात लावायचा. मागं एकदा इथं 'पियानो'ची संध्याकाळ म्हणून तिकीट काढून गेलो, तर स्टँडवर प्लास्टिकचा कीबोर्ड! त्यापेक्षा गोव्याला जायचा चोर्ला घाट परवडला.

आता त्या कन्चेर्तोबद्दल, खास पेटीवाल्यांसाठी. त्या काळच्या बहुतेक कन्चेर्तोंत आधी ताफा बराच वेळ वाजवतो आणि मग नायक प्रवेश करतो, संगीत नाटकातल्यासारखा. चौथ्यात पियानो एकटाच सुरुवात करतो, तीही हळू, जणू स्वतःशी. चार-चार मात्रांचे पाच खंड म्हणा, तेवढंच, आणि थांबतो. मग व्हायोलिनं येतात ती भलत्याच सुरात! म्हणजे तुम्ही सा लावला आणि साथीदार तुमच्या शुद्ध गंधाराला सा मानून आत आले. मूर्च्छना, म्हणजे दुसऱ्याच सुराला सा मानणं, माहीत असलेल्या माणसाच्या अंगावर तिथं काटा येतो. ही जागा ऐकायला पदवी लागत नाही, सा धरून बसायची सवय लागते. ती इथल्या प्रत्येक क्लासमधल्या पोराला असते.

दुसरा भाग जेमतेम पाच मिनिटांचा. सगळी तंतुवाद्यं एका सुरात दरडावून बोलतात, पियानो खालच्या आवाजात उत्तर देतो. पुन्हा दरडावणी, पुन्हा तसंच मऊ उत्तर. ह्या सवालजवाबात पियानो आवाज चढवून भांडत नाही, आणि हळूहळू दरडावणाऱ्यांचाच आवाज खाली येतो. आमच्याकडच्या मराठी-कन्नड पाट्यांच्या भांडणात दोन्ही बाजूंना हे ऐकवावं असं दरवेळी मनात येतं. असो. एक बघण्यासारखी गोष्ट म्हणजे ट्रम्पेट आणि मोठे नगारे, टिंपनी म्हणतात त्याला, ते वाजवणारे पहिले दोन भाग हात बांधून बसलेले असतात. त्यांना काम मिळतं ते थेट तिसऱ्यात.

हा कन्चेर्तो लोकांनी पहिल्यांदा ऐकला तो व्हिएन्नात, २२ डिसेंबर १८०८ला. पियानोवर स्वतः बीथोव्हेन, ऐकू बरंच कमी येऊ लागलेलं. त्याच रात्री त्याची पाचवी आणि सहावी सिंफनीही, म्हणजे सगळ्या ताफ्यासाठीची मोठी रचना, पहिल्यांदा झाली. कार्यक्रम चालला चार तास, नाट्यगृहात कडाक्याची थंडी, आणि शेवटच्या रचनेत गोंधळ होऊन मध्येच थांबून परत सुरुवात करावी लागली. रात्रभराच्या बैठका बसून काढलेल्या आमच्या काकांना हे सांगितल्यावर ते पहिल्यांदा माझ्याकडं वळून बसले.

टाळ्यांची भीती सगळ्यांना असते. भागांच्या मध्ये टाळी वाजवायची नाही असा आता रिवाज आहे. पूर्वी तसं नव्हतं. मोझार्टनं १७७८ साली पॅरिसहून वडिलांना लिहिलंय की सिंफनी चालू असतानाच एका जागेला लोकांनी टाळ्या दिल्या, आणि ती जागा दाद घेणार हे त्याला आधीच ठाऊक होतं! म्हणजे आपल्यासारखेच की. तरी गावाचा रिवाज पाळावा. ह्या कन्चेर्तोत दुसऱ्यातून तिसऱ्यात न थांबताच जातात, त्यामुळं हात आवरायचे ते फक्त पहिल्या भागानंतर. तेवढं जमेल.

आणि गोवा आपल्याला परका कधीपासून? तिथल्या चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकलेली पोरं मुंबईत गेली, त्यांनीच सिनेमाच्या गाण्यांमागची व्हायोलिनं वाजवली. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधल्या प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस गोव्यातल्या माजोर्ड्याचे. म्हणजे गणपतीतल्या आपल्या ऑर्केस्ट्राचं आजोळही तिकडंच.

गाडीत दोन जागा आहेत. दुपारी बाराला निघायचं, जांबोटीला चहा, रस्ता जसा असेल तसा. सूटबूट काही लागत नाही, इस्त्रीचा शर्ट पुरे. कुंदा मी घेतोय. तिसरी जागा होती, ती काल रात्री भरली. काकांचा फोन आला होता. म्हणाले, "येतो की. खरं एक सांग, तो नगारेवाला दिसेल अशी खुर्ची मिळेल काय?"