घानाच्या देशी बँका कुणी बुडवल्या?

"बँक ऑफ घानाने 2017 ते 2019 मध्ये नऊ देशी बँका मुद्दाम मारल्या. थोडी रोकड दिली असती तर त्या तरल्या असत्या. पण परदेशी बँकांना रान मोकळं करायचं होतं." घानात हा दावा अजूनही जोरात फिरतो. बँक बंद झाली तेव्हा ज्यांच्या नोकऱ्या गेल्या, त्यांचा राग मी समजू शकतो. दावा मात्र टिकत नाही.

पहिलं म्हणजे, रोकड दिली होतीच. त्या नऊपैकी यूटी, कॅपिटल आणि युनिबँक या तिघींना बँक ऑफ घानाने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, आधी उसनी रोकड पुरवली होती. हाती तात्पुरते पैसे नसणं वेगळं आणि देणी मालमत्तेहून जास्त होणं वेगळं. ऑगस्ट 2018 च्या निवेदनात बँक ऑफ घानाने म्हटलं की युनिबँकेतून भागधारक आणि त्यांच्याशी संबंधित लोकांकडे 530 कोटी सेडी (घानाचं चलन) गेले, म्हणजे बँकेच्या एकूण मालमत्तेच्या 75 टक्के. मालकांना हे मान्य नव्हतं. पण आकडा याच्या निम्मा धरला तरी तिथे आणखी रोकड ओतणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणं.

"भांडवलाची अट हे निमित्त होतं," असंही म्हणतात. प्रत्येक बँकेचं किमान भांडवल 12 कोटींवरून 40 कोटी सेडी करायची घोषणा सप्टेंबर 2017 ची. यूटी आणि कॅपिटलचे परवाने त्याआधीच, 14 ऑगस्टला, रद्द झाले होते. पुढच्या पाच बँका बंद झाल्या त्या 1 ऑगस्ट 2018 ला, भांडवल वाढवायची मुदत संपायला पाच महिने असताना.

आणि परदेशी बँकांचा फायदा? यूटी-कॅपिटलच्या ठेवी जीसीबी या घानाच्याच बँकेकडे गेल्या. गोऱ्यांच्या बँका आफ्रिकी व्यापाऱ्याला दारात उभं करत नसत, म्हणून 1953 मध्ये बँक ऑफ द गोल्ड कोस्ट सुरू झाली (गोल्ड कोस्ट हे घानाचं वसाहतकाळातलं नाव). 1957 मध्ये, स्वातंत्र्याच्याच वर्षी, तिचे दोन भाग झाले: एक बँक ऑफ घाना, दुसरी घाना कमर्शियल बँक, म्हणजे आजची जीसीबी. साठ वर्षांनी एका बहिणीने दुसरीच्या ओटीत बुडालेल्या बँकांचे ठेवीदार घातले. नंतरच्या पाच बँका सरकारी मालकीच्या कन्सॉलिडेटेड बँकेत गेल्या. उलट आपली बँक ऑफ बडोदा नवं भांडवल न घालता घानातून स्वतःहून बाहेर पडली.

बँक ऑफ घाना दोषी आहे, पण बँका बंद केल्याबद्दल नव्हे, त्या उघडू दिल्याबद्दल. बंद झालेल्यांपैकी सॉव्हरिन आणि कन्स्ट्रक्शन बँकेचं भांडवल कागदावरच होतं, असं तिनेच नंतर सांगितलं. मग परवान्यावर सही करताना ते कुणी तपासलं? हा प्रश्न मला सर्वांत जास्त छळतो.

त्या बँकांच्या ठेवीदारांचे पैसे तरी वाचले. महाराष्ट्रात सहकारी बँकेसमोर पासबुक घेऊन ताटकळलेल्यांना त्याचं मोल कळेल. 2019 मध्ये बंद झालेल्या 347 मायक्रोफायनान्स कंपन्यांच्या बचतदारांना मात्र आपल्याच पैशांसाठी तसंच ताटकळावं लागलं, आणि त्यांच्याबद्दल हा दावा एक शब्दही बोलत नाही.