दीड डझनाची तूट

सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या शेडमध्ये चार माग आहेत आणि एक वही. माग अधूनमधून बंद पडतात, वहीतली तूट मात्र अखंड चालू. दर महिन्याला डझन-दीड डझन टॉवेल कमी. शेवटी चार आयपी कॅमेरे बसवले. चोर सापडायचा तेव्हा सापडो, आधी मीच सेटिंगच्या पानात सापडलो.

'व्हिडिओ एन्कोडिंग : एच.२६४, एच.२६५, एमजेपीईजी.' म्हणजे चित्र दाबून साठवायच्या तीन पद्धती.

"कुठलंबी घ्या काका, चालतंय," बसवायला आलेला पोरगा म्हणाला. पोरगा गुणी. एमजेपीईजीत प्रत्येक फ्रेम म्हणजे अख्खा, स्वतंत्र फोटो असतो, एवढं त्यानं सांगितलं. मी आयुष्यभर अख्खा माल मोजून घेतलेला माणूस. लगेच तेच निवडलं.

संक्रांतीला शेड बंद ठेवून नंदीध्वज बघायला गेलो, गड्ड्याच्या जत्रेत फिरलो, तिसऱ्या दिवशी माल मोजला. तूट! ऐटीत रेकॉर्डिंग उघडलं, तर त्यात फक्त कालपासूनचं चित्र. संक्रांत पुसली गेलेली. मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. अख्ख्या फोटोंच्या हौसेपायी एकेक कॅमेरा सेकंदाला २४ मेगाबिट ओतत होता. म्हणजे दिवसाला सुमारे २६० जीबी, चार कॅमेऱ्यांचे मिळून हजारावर. आमची हार्डडिस्क १ टीबीची, म्हणजे हजार जीबीची. तिनं तरी काय करावं? जुनं पुसून नवं लिहिलं.

पोरगा परत आला. एच.२६४ कसं चालतं ते आता त्यानं नीट सांगितलं. ते अधूनमधून एक पूर्ण चित्र ठेवतं आणि मधल्या वेळात फक्त काय बदललं तेवढं टिपतं. हे मला पटकन कळलं, कारण आमच्या शेजारीण काकू बातम्या अशाच देतात : "सगळं कालच्यासारखंच, फक्त सुनेनं भांडी आपटली." एच.२६५ त्याहून काटकसरी, तेवढंच चित्र साधारण निम्म्या जागेत. एकेक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिटवर आणला आणि डिस्क अकरा दिवस पुरायला लागली. मात्र मेव्हण्याच्या जुन्या कॉम्प्युटरला एच.२६५ उलगडेना, नुसता काळा पडदा. (तो म्हणाला, "तुमची शेड तशीच दिसते.") पोरगा तिसऱ्यांदा आला. डिस्कसाठी मुख्य स्ट्रीम एच.२६५, बघण्यासाठी सबस्ट्रीम, म्हणजे त्याच कॅमेऱ्याचा दुसरा हलका प्रवाह, एच.२६४, अशी वाटणी केली. एक रुपया घेतला नाही.

मग आवाज. जी.७११ हे १९७२ सालचं, टेलिफोनसाठी केलेलं मानक. सेकंदाला ८००० नमुने, ६४ किलोबिट. त्यातही दोन पोटशाखा : अमेरिका-जपानची म्यू-लॉ आणि युरोपची, आपलीही, ए-लॉ. स्थळ बघताना शाखा विचारणारी आमची पिढी, ए-लॉ घेतलं. ऐकलं, तर खटाक्-खटाक्, खटाक्-खटाक्. माणसाचा एक शब्द नाही. पोरगा चौथ्यांदा आला, एएसी ही आवाजाची जास्त स्पष्ट पद्धत लावून गेला. आता खटाक्-खटाक् फार सुरेख ऐकू येतं.

तो येई तो सुट्टीच्या दिवशी, माग बंद असताना. त्यामुळे त्या चौथ्या भेटीचं रेकॉर्डिंग मात्र स्वच्छ होतं. रात्री ते सहज लावलं. पोरगा शिडीवरून उतरतो. चौकटीत आई येते. थप्पीतून दोन टॉवेल उचलते, फडताळातून टोपी काढते, त्याच्या कपाळाला कुंकू लावते.

"आजी, मागच्या तीन वेळचे हायत की घरात."

"असू दे रे. टॉवेल-टोपीशिवाय कुणाला पाठवलंय का मी या घरातून? परवा गॅसवाल्यालाबी दिले."

पोरगा वर कॅमेऱ्याकडे बोट दाखवतो. आई वर बघते, पदर सारखा करते आणि विचारते, "यात मी नीट दिसते का?"

"एच.२६५ हाय आजी. एकदम क्लिअर."