दंडाचा डबा

चाळिशी उलटल्यापासून आमच्या मित्रमंडळींच्या गप्पा गुडघे आणि कर्जाचे हप्ते यापलीकडे जाईनात. एकदा मीच बोलून गेले, "महिन्यातून एकदा माझ्याकडे जमू. विषय ठरवून नीट चर्चा करू." झालं, यजमानपद गळ्यात पडलं ते पडलंच.

मी अभ्यासबिभ्यासही केला. जेवणाच्या मेजावर माणसं तीनपेक्षा कमी आणि नऊपेक्षा जास्त नसावीत, असं जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट सांगून गेलाय. म्हणून आठ जणांना बोलावलं. आले चौदा. ("हा माझा मेहुणा. याला नुसतं ऐकायला आवडतं." मेहुणा पाऊण तास बोलला.)

अमेरिकन मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिनने १७२७ साली फिलाडेल्फियात असंच चर्चामंडळ काढलं होतं. तिथे पुढेपुढे ठाम विधान करायला आणि समोरच्याला थेट खोडून काढायला बंदी आली. केलंच तर किरकोळ दंड. मला हे फारच आवडलं. मी एक रिकामा डबा घासूनपुसून मधोमध ठेवला.

विषय होता, माणसाला इच्छास्वातंत्र्य असतं का? पहिल्याच मिनिटाला एकजण गरजला, "साफ चूक!"

मी डबा पुढे केला.

"अगं, पण मला स्वातंत्र्यच नसेल तर दंड कसला?"

"भरू नकोस," वकील मित्र म्हणाला. "भरलास तर स्वातंत्र्य असल्याचं कबूल केल्यासारखं होईल."

तिथून इच्छास्वातंत्र्य जे बाजूला पडलं ते पडलंच. डब्याला कुलूप हवं का, हिशेब कोण ठेवणार, 'मला वाटतं तू गाढव आहेस' हे ठाम विधान की नम्र मत, यावर रात्रीचे अकरा वाजले. आपल्या न्यायदर्शनात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, चर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार सांगितलेत. वाद सत्यासाठी, जल्प जिंकण्यासाठी. वितंडेत मात्र स्वतःचं काहीच मांडायचं नाही, फक्त दुसऱ्याचं पाडायचं. आमच्याकडे पहिले दोन फिरकलेच नाहीत.

शेवटी माझाच तोल गेला. "बास! तुम्ही सगळे चूक आहात!"

एकदम शांतता. मग रात्रभरात पहिल्यांदाच चौदा जणांचं एकमत झालं आणि डबा सरकत सरकत माझ्यापुढे आला.

मी मुकाट्याने नाणं टाकलं. डब्यात एकटंच होतं, त्यामुळे वाजलंही छान.

मंडळी उठली, दारात चपला घालता घालता आणखी तासभर बोलली आणि पुढचा विषय ठरवूनच गेली: यजमानाने निःपक्षपाती असावं की नाही?

ठिकाण अर्थातच तेच.