वातावरण शहाणं आहे का? येस

पारोळा रस्त्यावर एक जेसीबी फिरतो. तो कुणाचा, काय खोदतो, कशासाठी खोदतो, हे अमळनेरात कुणालाच सांगता येत नाही. पण माझी धुळ्याकडून येणारी केबल जमिनीखाली नेमकी कुठं वळते, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. वर्षातून पाच-सहा वेळा तो तिथं येतो, सोंड खुपसतो आणि काही न बोलता निघून जातो.

माझा ब्रॉडबँडचा धंदा आहे. 180 घरांना मी इंटरनेट देतो आणि ते बंद पडलं की 180 घरं मला जे द्यायचं ते देतात. एक लाइन जळगावकडून माझ्या घरी येते, दुसरी धुळ्याकडून गावाबाहेरच्या एका कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात. दोन्हीकडं एकेक म्हातारा संगणक राउटरचं काम करतो. मधली जोडणी हवेतून, डिशवर. एक लाइन तुटली की सगळ्यांना दुसरीवर वळवायचं, म्हणजे रात्री दोनला फोन आला की मी बनियनवर उठून हातानं राउट, म्हणजे डेटाचे रस्ते, बदलायचे. एकदा झोपेत उलटंसुलटं टाइप झालं. घरचा संगणक सांगू लागला, बाहेर जायचंय ना, जिनिंगला जा. जिनिंगचा म्हणू लागला, छे, घरी जा. मोबाइलवरून निघालेल्या पॅकेटला, म्हणजे डेटाच्या पुडक्याला, साधारण 64 मुक्कामांचं आयुष्य असतं. त्या रात्री अमळनेरच्या निम्म्या पॅकेटांनी ते घर ते जिन, जिन ते घर असं हेलपाटे घालण्यात संपवलं. सकाळी एक गिऱ्हाईक म्हणालं, "भाऊ, गोल फिरतंय नुसतं." त्याला वाटलं स्क्रीनवरचं चक्र. खरं तर तो फार अचूक बोलला होता.

यावर इलाज आहे आणि तो जुना आहे. ओएसपीएफ नावाचा. ही बोली येणारे राउटर दर 10 सेकंदांनी एकमेकांना हॅलो म्हणतात. 40 सेकंद हॅलो आला नाही तर शेजारी गेला असं धरतात आणि नवा रस्ता शोधतात. आमच्या गल्लीतही इतकीच विचारपूस चालते, फक्त रस्ता कुणी काढत नाही.

तयार राउटर घ्यायचा तर पैसे लागतात, म्हणून फुकटचं सॉफ्टवेअर. त्याचं घराणंही ऐकण्यासारखं आहे. 1996 मध्ये कुनिहिरो इशिगुरो या जपानी गृहस्थानं जीएनयू झेब्रा सुरू केलं. ते थंडावल्यावर त्यातून दुसरं निघालं, त्याचं नाव क्वागा. क्वागा म्हणजे झेब्र्याचाच भाऊबंद, अंगावर अर्धेच पट्टे असलेला. त्यातला शेवटचा 1883 मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. बारशाला कुणीतरी मोठं माणूस हजर असतं तर हे नाव ठेवू दिलं नसतं. व्हायचं ते झालं, क्वागाही थकलं आणि 2017 मध्ये त्यातून फुटून एफआरराउटिंग आलं. आपल्याकडं वाटणी झाली तरी विहीर सामाईक राहते, तसं आतल्या मुख्य प्रोग्रामचं नाव मात्र अजून झेब्राच आहे.

शहाणा माणूस हे तयार पॅकेज म्हणून एका आज्ञेत बसवतो. पण माझ्या दोन्ही संगणकांवर स्लॅकवेअर आहे. 1993 पासून चालत आलेलं, आजही जिवंत असलेल्यांत सगळ्यात जुनं लिनक्स. कॉलेजात लागलेलं व्यसन, सुटत नाही. कुठल्या पॅकेजला कुठलं पॅकेज लागतं हे ते बघत नाही. ज्याचं त्यानं बघावं. त्यामुळं सोर्स कोड उतरवून घ्यायचा आणि घरीच शिजवायचा, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्राम बनवायचा, असं ठरलं. मुदतही ठरली. वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते, तेव्हा घरोघरी पाहुणे आणि प्रत्येक पाहुण्याच्या हातात मोबाइल. त्याआधी झालं पाहिजे.

त्याच आठवड्यात बायकोनं आणि आईनं ज्वारीच्या बिबड्यांचा, म्हणजे वाळवणाच्या पापडांचा, घाट घातला होता. वर गच्चीवर बिबडे, खाली खोलीत मी.

पहिली पायरी कॉन्फिगर. ही आज्ञा दिली की संगणक घरातल्या प्रत्येक भांड्याची चौकशी करत सुटतो. सी कंपायलर आहे का? येस. चालतो का? येस. ग्रेप आहे का? ऑक आहे का? लग्नघरात आचारी आला की पहिला तास हाच प्रकार चालतो: परात आहे? झारा आहे? मोठं पातेलं? आचाऱ्याला निदान मध्येच चहा तरी लागतो.

या हजेरीत एक ओळ येते: चेकिंग व्हेदर बिल्ड एन्व्हायर्नमेंट इज सेन. बांधकामाचं वातावरण शहाणं आहे का? मी आजूबाजूला पाहिलं. बाहेर 44 अंश. कूलरमधलं पाणी संपलेलं. वरून आई ओरडत होती, "भाऊ, कावळा बिबडं घी गया रे!" जिन्यातून बायको विचारत होती की मघाशी सांगितलेलं मीठ आणायचं आहे की नाही. मांडीवर कॅबिनेट उघडा पडलेला संगणक आणि तोंडात स्क्रू. संगणकानं क्षणभर विचार केला आणि लिहिलं: येस.

तिथंच मला संशय यायला हवा होता.

शे-दोनशे येस झाल्यावर तो थांबला. लिबयांग नाही, म्हणजे याला लागणारं तयार कोडचं एक गाठोडं. बरं, ते उतरवलं. त्याला सीमेक लागतं, पीसीआरई-टू लागतं. ते जमवलं, लिबयांग बांधलं, परत कॉन्फिगर. परत पहिल्यापासून परात, झारा, पातेलं. यावेळी जरा पुढं जाऊन: प्रोटोबफ-सी नाही. प्रोटोबफ-सी हवं तर आधी प्रोटोबफ. माझं दुखणं एवढंच आहे की जे नाही ते याला एकदम सांगता येत नाही. वाणसामानाला मला धाडताना बायकोही असंच करते. मीठ आणलं की हिंग आठवतो, हिंग आणला की तीळ. पण तिला निदान ओशाळल्यासारखं होतं.

अमळनेरात 1945 मध्ये वनस्पती तेलाचा कारखाना निघाला आणि पुढं तोच विप्रो होऊन संगणकाकडं वळला, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. गाव तेलाकडून संगणकाकडं गेलं. मी संगणकापासून निघालो आणि तिसऱ्या दिवशी तेल निघालं.

दुसरी पायरी मेक. इथं खरं शिजतं. पडद्यावर ओळी सरसर वर जातात आणि बघणाऱ्याला आपण काहीतरी करतोय असं वाटतं. दोन्ही कोअर एकदम कामाला लावले तर संगणक इतका तापला की त्यावर बिबडं वाळलं असतं. मग एकावरच चालवलं. अर्ध्यावर आलं आणि लाइट गेली.

तसं घाबरायचं कारण नव्हतं. मेक हुशार आहे. कुठली फाइल शिजून झाली आणि कुठली कच्ची, हे तो तारखा बघून ठरवतो. शिजलेलं कच्च्यापेक्षा नवं असेल तर हात लावत नाही. लाइट आली, मी परत मेक म्हटलं. तो म्हणाला, क्लॉक स्क्यू डिटेक्टेड, आणि तुझं काम अर्धवट राहिलेलं असू शकतं. आणि म्हणाला की समोरच्या फाइली भविष्यकाळातल्या आहेत.

दुर्लक्ष केलं. काम पुढं सरकत होतं. पण मध्ये थांबवून पुन्हा चालवलं की मघाशी शिजवलेल्याच फाइली तो परत शिजायला टाकायचा. मी दीड तास हे पाहत बसलो. सून घर झाडते आणि सासू तिच्यामागून परत झाडते, तसं. शेवटी मिठाची पुडी घ्यायला खाली आलेली बायको पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, "अहो, हे घड्याळ 2009 का दाखवतंय?"

मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल मेला होता. लाइट गेली की संगणकाला वाटायचं आज 1 जानेवारी 2009. सकाळी लिहिलेल्या फाइली त्याच्या लेखी पुढल्या जमान्यातल्या आणि आत्ता शिजवलेलं सगळं शिळं. घड्याळाच्या दुकानातून नवा सेल आणला. दोन घेणार होतो, पण जिनिंगचा संगणक उघडायचा म्हणजे आधी त्याच्यावरचा कापूस काढायचा. म्हटलं, बघू.

तिसरी पायरी, मेक इन्स्टॉल, अर्ध्या मिनिटात झाली. मी गच्चीवर जाऊन जाहीर केलं, "झालं!" आई म्हणाली, "मंग खाले ये, घाटा खाई ले." गरम घाट्यावर, म्हणजे बिबड्यांच्या शिजवलेल्या पिठावर, कच्चं तेल घेऊन बसलो आणि मांडीवरच्या लॅपटॉपवरून झेब्रा सुरू केला. उत्तर आलं: लिबयांग डॉट एसओ सापडत नाही.

जिच्यासाठी दोन दिवस घालवले तीच. मी स्वतःच्या हातानं यूएसआर-लोकल या फोल्डरमध्ये ठेवलेली. तिथं जाऊन पाहिलं तर बसलेली होती, ठणठणीत. फक्त ती आल्याचं कुणी घरात सांगितलं नव्हतं. त्यासाठी एलडी-कॉन्फिग ही वेगळी आज्ञा द्यावी लागते. पाहुणा ओसरीवर येऊन बसलाय आणि आतून विचारताहेत, अजून आला कसा नाही?

झेब्रा उठला. ओएसपीएफ काही उठेना. कॉन्फिग तीनदा वाचलं. परवानग्या तपासल्या, एफआरआर नावाचा युजर आणि त्याचा ग्रुप पुसून पुन्हा केला. शनिवार गेला, रविवार गेला. मग एका फाइलीत, जिचं नाव अगदी सरळ 'डेमन्स' आहे, ओळ दिसली: ओएसपीएफडी इज इक्वल टू नो. ती मुळातच तशी येते. ज्याला जे हवं त्यानं तिथं येस लिहायचं. कॉन्फिगरनं मला इतके येस ऐकवले होते की एखादा आपणही म्हणायचा असतो, हे सुचलंच नाही.

शिजवलेलं सगळं पेनड्राइव्हवर घालून जिनिंगला गेलो, तिथल्या संगणकात तारीख हातानं टाकली, इन्स्टॉल केलं. दोन्ही टोकं हॅलो-हॅलो म्हणू लागली. मैत्री पूर्ण झाली की पडद्यावर 'फुल' दिसायला हवं. माझी एक्सस्टार्ट या मधल्या पायरीवर अडकली. जरा पुढं जाई, परत मागं. सोयरिकीची बोलणी सुरू होतात आणि देण्याघेण्यावर बसतात, अगदी तशी.

त्या संध्याकाळी नाना आले. नाना माझे चुलते, सगळी नोकरी भुसावळ यार्डात. मुंबईकडून आलेली गाडी नागपूरच्या अंगाला की खंडव्याच्या अंगाला, हे ज्या खांद्यांनी ठरवलं ते खांदे. खुर्ची ओढून बसले.

"काय करी ऱ्हायना रे भाऊ?"

मी सांगितलं. दोन स्टेशनं आहेत, मधली लाइन ठीक आहे, दोघं एकमेकांना हाक मारतात, पण मालाची देवाणघेवाण सुरू झाली की अडकतं.

"हाक पोचस?"

"पोचते."

"मंग मोठा डबा पोचस नही." नानांनी तंबाखू मळली. "दोन्हीकडना गेज येकच शे का? पाचोरा-जामनेरनी जुनी छोटी लाइनना डबा भुसावळनी मोठी लाइनवर चालस का?"

मी हसलो. मग हसणं थांबवलं आणि एमटीयू, म्हणजे एका खेपेत जाणाऱ्या पॅकेटचा कमाल आकार, पाहिला. घरच्या कार्डावर 1500, जिनिंगच्या कार्डावर 1492, कुठल्याशा जुन्या जोडणीसाठी मीच कधीतरी लिहून विसरलेला. ओएसपीएफ बोलणी करताना आपला आकडा सांगतो, आणि समोरच्याचा आकडा आपल्या डब्यात मावत नसेल तर गुपचूप अडून बसतो. कारण तोंडानं सांगत नाही. 1500 केला. पडद्यावर एक्स्चेंज, लोडिंग, फुल. नाना तोवर तंबाखू थुंकायला बाहेर गेले होते, त्यांनी पाहिलंही नाही.

यात्रेच्या आदल्या रात्री वळवाचं वादळ आलं. जिनिंगकडं लाइट गेली, परत आली, आणि पारोळा रस्त्यावर बाभळ पडली ती धुळ्याच्या लाइनीला घेऊनच. मला कुणी उठवलं नाही. सकाळी सातला जाग आली तर फोनवर एकही शिवी नव्हती. मी बेचैन. वाटलं, फोनच बंद पडला. मग कळलं की रात्रभर धुळ्याकडची लाइन मेलेली होती आणि 180 घरं जळगावकडून बिनबोभाट चालली होती.

बायकोला पुरावा दाखवायला लॅपटॉप घेऊन थेट स्वयंपाकघरात गेलो. म्हटलं, बघ, रात्री हे आपोआप वळलं, आपल्या हातचं, घरी शिजवलेलं. जिनिंगच्या संगणकाचा लॉग उघडला. ओळ ठसठशीत होती: लोडिंग ते फुल. तिनं चष्मा पुसून तिच्या शेजारची तारीख वाचली. 1 जानेवारी 2009.

"रात्री?" ती म्हणाली. "तेव्हा तर आपलं लग्नही ठरलं नव्हतं."