एलपी राहू द्या, सीडी घ्या

"घरी टर्नटेबल आणावं, की ॲपवरच भागवावं?" हा प्रश्न हल्ली मला फार विचारला जातो. माझं उत्तर बहुतेकांना आवडत नाही. ख्याल, म्हणजे रागदारी गाणं, ऐकणार असाल, तर सीडी घ्या.

एलपीच्या, म्हणजे टर्नटेबलवरच्या मोठ्या तबकडीच्या, आवाजाची गोडी मला मान्य आहे. पण एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं. संथ लयीतला बडा ख्याल रंगात आला की उठा, तबकडी उलटा. त्याआधीच्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकड्यांवर तर जेमतेम साडेतीन मिनिटं मिळायची. अब्दुल करीम खाँसाहेब तेवढ्यात राग उभा करायचे, ही थोरवी त्यांची, तबकडीची नव्हे. कॅसेटबद्दल न बोललेलं बरं, आपल्या पावसाळ्यात बुरशी ठरलेली. सीडीवर 74 मिनिटं बसतात. संथ विलंबित, जलद द्रुत, वर एखादी ठुमरी, आणि मधे उठणं नाही.

"मग स्ट्रीमिंगला तर वेळेचं बंधनच नाही!" बरोबर. मोगूबाई, केसरबाई, मल्लिकार्जुन मन्सूर असं जयपूर घराणं एका बैठकीत चाळता येतं, हे सुख पूर्वी कुणाला होतं? मीही चाळतो.

माझं भांडण नावांवरून आहे. ॲपवर गायकाचं नाव, रागाचं नाव (तेही कधीकधी चुकीचं), संपलं. तबल्यावर कोण? साथीला पेटी की सारंगी? मागे तानपुऱ्यावर बसून मधेच इतका सुंदर आवाज लावणारी शिष्या कोण? मैफल कुठली, कुठल्या साली? बहुतेक वेळा पत्ताच नाही. 1902 साली कलकत्त्यात गायिका गौहर जानचं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा गाणं संपताना तिनं स्वतःचं नाव पुकारलं. तबकड्या छापायला जर्मनीत जायच्या, तिथल्या माणसांना लेबलवर काय लिहायचं ते कळायला हवं ना! आता तबलजींनीही शेवटच्या तिहाईनंतर (तीनदा वाजवलेल्या बोलांनंतर) आपलं नाव पुकारावं काय?

सगळ्याच कंपन्यांनी सीडीसोबतच्या पुस्तिका नीट छापल्या असंही नाही. पण ज्यांनी छापल्या, त्यांत साथीदार आहेत, बंदिशीचे शब्द आहेत, रागावर चार ओळी आहेत.

शिवाय ॲपवरचं गाणं तुमचं नसतंच. मार्च 2023 मध्ये करार जुळला नाही म्हणून झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून उतरली. 2024 मध्ये विंक म्युझिक हे ॲपच बंद झालं. सिनेमाची गाणी गेली तर निदान ओरड होते. एखादी जुनी मैफल गेली तर कोण ओरडणार?

सगळे एलपीमागे धावताहेत, त्यामुळे जुन्या सीडी अजून स्वस्तात मिळतात. घेताना चकचकीत बाजूच्या बारीक ओरखड्यांना घाबरू नका, छापील बाजू तपासा. आवाज टिपणारा थर त्या बाजूला, छपाईच्या लगेच खाली असतो. तिथला ओरखडा भरून निघत नाही. लॅपटॉपला ड्राइव्ह नसेल तर यूएसबीवर चालणारा बाहेरचा घ्या आणि घरी आल्याआल्या फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या फाइलमध्ये) कॉपी करून ठेवा. पुस्तिका गायब असेल, तर मी भरपूर घासाघीस करतो. माझ्या लेखी अर्धा माल तोच.