खुलासा: एन्रॉन त्या पुस्तकामुळे बुडाली नाही

‘पत्रकार बेथनी मॅक्लीन यांनी पुस्तकात घोटाळा फोडला आणि एन्रॉन कोसळली’ हा मेसेज फिरतोय. एन्रॉन म्हणजे हिशेबातल्या घोटाळ्यामुळे बुडालेली अमेरिकी ऊर्जा कंपनी. तारखाच जुळत नाहीत. कंपनीचा दिवाळखोरीचा अर्ज २ डिसेंबर २००१चा. मॅक्लीन आणि पीटर एल्काइंड यांचं ‘द स्मार्टेस्ट गाइज इन द रूम’ आलं २००३मध्ये.

गफलत होते ती मॅक्लीन यांच्या ‘फॉर्च्युन’ या अमेरिकी नियतकालिकातल्या मार्च २००१च्या लेखामुळे. त्यातही घोटाळ्याचा आरोप नव्हता. शेअरचा भाव नफ्याच्या सुमारे ५५ पट, मग कंपनी नेमकी कमावते कशातून, असा प्रश्न होता. साधाच, पण हिशेबाच्या कागदांत उत्तर सापडत नव्हतं. ऑक्टोबरात ६१.८ कोटी डॉलरचा तिमाही तोटा जाहीर झाला आणि पडझडीला वेग आला.

दाभोळच्या वीज प्रकल्पामुळे आपल्याकडे एन्रॉनचं काहीही लगेच पसरतं. हा मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर या तारखा टाका.